चिलापीआधी धरण

मराठवाड्यातले देशी मासे चिलापीने संपवले, हा आरोप इतका रुळला आहे की त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. चिलापी, म्हणजे मोझांबिक तिलापिया, मूळची आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांमधली. १९५२ साली ती भारतात आणली, तेव्हा मत्स्यशेतीला बीजाची चणचण होती. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळी नदीचा लोंढा लागतो. त्यामुळे तळ्यात सोडायचे बीज मुख्यतः नदीतून गोळा करावे लागे. चिलापीला लोंढ्याची गरजच नाही. नर उथळ काठाच्या गाळात वाटोळा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते, लगेच ती तोंडात उचलते आणि पिल्ले पोहती होईपर्यंत तिथेच सांभाळते. पुढे १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन रोहूसारख्या कार्प माशांचे बीज मिळवले आणि चिलापीची निकड सरली. १९५९ मध्ये तिच्या प्रसाराला मनाईही झाली. तोवर ती पाण्यात पसरली होती.

पण नुसती पोचली म्हणून ती फोफावली नसती. जालन्याच्या दक्षिण सीमेवरची गोदावरी पूर्वी उन्हाळ्यात डोहांपुरती उरायची आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहायची. त्या पुरात काठचा खड्डा कसला टिकतो! १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाने हा लोंढा पैठणला अडवला. खाली जोगलादेवी, राजाटाकळीसारख्या बंधाऱ्यांनी उरलेल्या नदीचे तुकडे केले. वाहत्या पाण्यावर वीण अवलंबून असलेल्या माशांची वाट तुटली, आणि चिलापीला हवे तसे संथ, उथळ, गाळाचे काठ आयते मिळाले.

चिलापी इतरांची अंडी-पिल्ले खाते, हा आक्षेप खरा आहे. तरी तिचा मुख्य आहार शेवाळ आणि कुजका गाळ. पट्टीचे शिकारी मरळ आणि शिवडा. ते चिलापीची पिल्लेही मटकावतात. परकी म्हणून तिला हाकलायचे, तर रोहू-मृगळही गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज आपण दरवर्षी विकत घेऊन सोडतो. चिलापीने नुकसान केलेच, पण ते आधीच खिळखिळ्या झालेल्या नदीत. जालना शहर जायकवाडीचे पाणी पिते, तेव्हा धरण नको म्हणण्यात अर्थ नाही. मात्र नुकसानीच्या हिशेबात पहिले नाव धरणाचे लिहावे लागेल, चिलापीचे त्यानंतर.