उषवदाताची पुष्करयात्रा

नाशिकानजीक त्रिरश्मि पर्वतावरील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा जो मोठा लेख आहे, तो अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजी, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व फ्रेंच पंडित सेनार यांनीं त्याचें विवरण केलें असून राजकीय इतिहासाच्या दृष्टीनें त्याचा खलहि पुष्कळ झाला आहे. परंतु हा लेख एका यात्रेकरूचाहि आहे, या गोष्टीकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. परस्थ माणसानें तीर्थास जावें तें कोणत्या वृत्तीनें, या प्रश्नाचा विचार या लेखाच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उषवदात हा दीनीकाचा पुत्र. नाशिक येथीलच दुसऱ्या एका लेखांत त्यास शक म्हटलें आहे. म्हणजे कुलानें तो या भूमीस परका. तथापि त्याच्या दानांची यादी पाहिली म्हणजे तीर्थधर्माची त्यास किती बारीक माहिती होती हें दिसून येतें. बार्णासा नदीवर त्यानें सुवर्णदान केलें व तीर्थ बांधविलें. देवब्राह्मणांस सोळा गांवें दिलीं. प्रभासक्षेत्रीं आठ ब्राह्मणांचे विवाह करून दिले. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें चौसोपी धर्मशाळा बांधिल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहणुका या नद्यांवर मोफत नावा ठेविल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सुवर्ण व गांवें हीं दानें घेणाऱ्याच्या घरीं जातात. नाव व पाणपोई हीं ज्याचें नांवहि दात्यास कळणार नाहीं अशा वाटसरूच्या उपयोगीं पडतात. ज्यानें स्वतः वाट तुडविली आहे, त्यालाच नदीकांठीं खोळंबलेल्या यात्रेकरूची अडचण सुचते.

लेखाचा हा पूर्वभाग संस्कृताच्या वळणाचा व तृतीयपुरुषी आहे. पुढें भाषा प्राकृताकडे झुकते आणि उषवदात स्वतःच बोलूं लागतो. स्वामींच्या आज्ञेनें, मालयांनीं वेढलेल्या उत्तमभद्रांस सोडविण्याकरितां आपण वर्षाऋतूंत गेलों. मालय नुसत्या गर्जनेनेंच पळाले. तेथून आपण पुष्करास गेलों, अभिषेक म्हणजे स्नान केलें, आणि तीन हजार गाई व एक गांव दिलें, असें तो सांगतो. पुष्कराचा निर्देश येथें अनेकवचनीं आहे. ज्येष्ठ, मध्य व कनिष्ठ अशीं तीन पुष्करें परंपरा मानते. तिच्याशीं हें अनेकवचन जुळतें. शिपायाचा मुलूख जिंकण्याचा अहवाल आणि यात्रेकरूचा स्नानाचा अहवाल येथें लागोपाठ आले आहेत. परंतु तीर्थांत पाऊल पडतांच वाक्यांतील जयघोष थांबतो. तेथून काय आणलें याचा लेखांत शब्द नाहीं. काय केलें व काय दिलें, एवढेंच आहे. दक्षिणेचा पुष्कराशीं संबंध पुढेंहि आला. तेथील ब्रह्मदेवाचें सध्यांचें मंदिर दौलतराव शिंद्यांचे मंत्री गोकुळ पारख यांच्या इ. स. १८०९ मधील कामाचें आहे.

याच लेखाचा शेवट आमच्या मतें सर्वांत मोलाचा आहे. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षुसंघाच्या अन्नाकरितां उषवदातानें एक शेत दिलें. तें त्यानें वाराहीपुत्र अश्विभूति या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण मोजून विकत घेतलें होतें. तें विकणाऱ्याच्या पित्याचें होतें व नगरसीमेच्या वायव्येस होतें, हेंहि कोरून ठेविलें आहे. ज्याचा सासरा या प्रदेशाचा धनी, त्यास शेत हिसकावून घेणें अवघड नव्हतें. त्यानें मोल दिलें आणि मूळ मालकाचें नांव पर्वतावर कोरविलें. उषवदात वैदिक कीं बौद्ध, असा वाद विद्वान घालीत आले आहेत. पुष्करीं स्नान करणारा व भिक्षूंस शेत देणारा पुरुष एकच आहे. त्यास एका पक्षांत ओढण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. ज्या स्थळीं जावें त्या स्थळाचा आचार पाळावा, आणि जें घ्यावें त्याचें मोल द्यावें, हा त्याचा व्यवहार मात्र निर्विवाद आहे.

या व्यवहाराचा आम्हां पोथीसंग्राहकांशीं निकट संबंध आहे. आपणहि क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं जातों. त्यांच्या वह्या चाळतों. जीर्ण पोथी दिसली कीं ती पेटींत घालण्याची इच्छा होते. अशा वेळीं अश्विभूतीचें शेत आठवावें. नकल पुरत असेल तेथें मूळास हात लावूं नये; मूळ घेणें भागच पडल्यास योग्य मोल द्यावें; आणि पोथी कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, किती पिढ्या होती, हें तिच्यावरच नोंदावें. ज्या पोथीचें घर हरवलें, तिचा निम्मा इतिहास हरवला.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचें राज्य बुडविलें. इ. स. १९०६ मध्यें जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रौप्य नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं बहुतेकांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा ठोकला होता. त्याच गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या लेखांत, उषवदाताच्या ताब्यांत असलेली दोनशें निवर्तनें जमीन भिक्षूंस दिल्याची नोंद आहे. जमिनीची ओळख सांगतांना जेत्यानें जिताचें नांव गाळलें नाहीं, आणि यात्रेचा लेखहि पुसला नाहीं. नाण्यांवरील मुद्रा गेली. पुष्करींच्या स्नानाची हकीकत त्रिरश्मीवर आजहि वाचतां येते.