साहेबाचे ओटे आणि त्यांचा जन्मदाखला

मालवणच्या बाजारात एका गृहस्थांनी मला एकदा एक पितळी दुर्बीण दाखविली. हातात धरून डोळ्याला लावावयाची, तीन नळ्यांची, वजनाने चांगली भारी. तिच्या अंगावर इंग्रजीत ‘लॉकियर, विजयदुर्ग, 1868’ अशी अक्षरे कोरलेली होती. किंमत ऐकून मी मुकाट्याने ती खाली ठेविली. पण केवळ किंमतीमुळे नव्हे. त्या अक्षरांनीच तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

आकाशाच्या शोधाशी संबंध असलेल्या वस्तू जमविण्याचा छंद आता पुष्कळच पसरला आहे, आणि त्यातील व्यवहार थक्क करणारे आहेत. 1969 साली नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावरची पहिली माती ज्या लहानशा पिशवीत भरून आणिली, ती पिशवी यादीतील क्रमांकांच्या घोटाळ्यामुळे आपली ओळख हरवून बसली आणि 2015 साली एका सरकारी लिलावात 995 डॉलरना विकली गेली. पुढे तीत चंद्राची धूळ आढळली, मालकीचा वाद न्यायालयात गेला, निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला, आणि जुलै 2017 मध्ये तीच पिशवी न्यूयॉर्कच्या लिलावात अठरा लक्ष डॉलरना गेली. पिशवी तीच होती. बदलला तो तिचा दाखला. उलट पक्षी, राकेश शर्मा 1984 साली अंतराळात गेले तेव्हा आपल्या टपालखात्याने काढलेल्या तिकिटाचे प्रथमदिन पाकीट कोणी ‘अंतराळात जाऊन आलेले’ म्हणून पुढे केले, तर त्याने जमीन सोडल्याचा पुरावा मागावा. टपालकचेरीत विकले गेलेले पाकीट टपालकचेरीइतकेच उंच गेलेले असते.

आता विजयदुर्गाकडे वळू. वाघोटण खाडीच्या मुखावरील या किल्ल्यात काही जुने चौथरे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. 18 ऑगस्ट 1868 रोजी लॉकियरसाहेबांनी येथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियम वायूचा शोध लाविला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती तारीख हेलियम दिन म्हणून किल्ल्यावर साजरीही होते. समारंभाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कथेतील तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत.

पहिली गोष्ट कोकणच्या कोणाही शेतकऱ्याने सांगावी अशी आहे. ती तिथी श्रावण अमावास्या होती. दूरदेशीचा ज्योतिषी आपली नाजूक यंत्रे भर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर कशाला मांडील? त्या दिवशी चंद्राची छाया दख्खनवरून पूर्वेकडे गेली, आणि निरीक्षकांनी आपली ठाणी घाटमाथ्यापलीकडे निवडली: जमखंडीस हर्शेल, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन व टेनंट, मच्छलीपट्टणला पोगसन.

दुसरी गोष्ट अशी की त्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते इंग्लंडात होते. 20 ऑक्टोबर 1868 रोजी त्यांनी तेथूनच, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकाच्या साह्याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. जान्सेन यांनी तीच युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या जोड रेषांच्या अगदी शेजारी असल्यामुळे अनेकांनी ती सोडियमचीच मानिली. लॉकियर यांनी मात्र ती वेगळी असल्याचा आग्रह धरला. पृथ्वीवर न सापडलेल्या त्या द्रव्याला ग्रीक भाषेतील सूर्यवाचक शब्दावरून हेलियम हे नाव पडले. बाजारातील दुर्बिणीत लोलकच नव्हता. तशा साध्या दुर्बिणीने ही रेषा कोणालाच कधी दिसली नसती.

मग ओटे खोटे काय? मुळीच नाही. येथेच या प्रकरणाची खरी गोडी आहे. शके 1819 च्या पौष अमावास्येस, म्हणजे 22 जानेवारी 1898 रोजी, दुसरे खग्रास ग्रहण लागले. निरभ्र हिवाळ्याचे दिवस. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला ठाण मांडून बसले, आणि विजयदुर्गावर खुद्द सर नॉर्मन लॉकियर आले. ‘मेल्पोमिनी’ ही आरमारी नौका त्यांच्या साह्यास होती; तिचे अधिकारी व खलाशी यांनाही निरीक्षणाचे काम वाटून दिले होते. या मोहिमेचा अहवाल लॉकियर, कप्तान चिझम-बॅटन व प्राध्यापक पेडलर या तिघांच्या नावांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. ओट्यांचा जन्मदाखला पाहिजे असेल तर तो हा.

क्षणभर त्या माणसाचा विचार करा. वय एकसष्ट. तीस वर्षांपूर्वी ज्या द्रव्याचा त्याने केवळ एका रेषेवरून आग्रह धरला, ते पृथ्वीवर आहे की नाही हेच त्याला सत्तावीस वर्षे ठाऊक नव्हते. अखेर 1895 साली रॅम्झे यांना क्लेव्हाईट नावाच्या खनिजात ते सापडले. त्यानंतर तिसऱ्या वर्षी हा वृद्ध विजयदुर्गाच्या तटाआड, जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात, छायाचित्रणाची यंत्रे लावून सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपीत होता. आणि त्या वर्णपटात त्याची ती जुनी ओळखीची रेषाही होती. 1868 ची कथा हातची सुटली म्हणून देवगड तालुक्याने हळहळावे असे यात मला तरी काही दिसत नाही. शोध लागला त्या क्षणी येथे कोणी नव्हते. शोध खरा ठरल्यावर मात्र शोधक येथे आला होता. ओट्यांची लांबीरुंदी व दिशा मोजून अहवालातील यंत्रांच्या मांडणीशी ताडून पाहण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. त्याला खर्च फारसा नाही. फीत, होकायंत्र आणि दोन दिवस पुरेत.

बाजारातील त्या गृहस्थांना मी यातले बरेचसे सांगितले. ही वस्तू कोणाकडून, केव्हा व कोणत्या कागदानिशी आली, असेही विचारिले. कागद नव्हता. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, दुर्बीण फडक्याने पुसली, आणि म्हणाले, “मगे सहाचो नऊ करूक कितकोसो येळ लागता!”