राखेखालचा विस्तव आणि वुयीचा चहा

तर झालं असं, की ऑफिसमधला एक मित्र चीनहून परत आला आणि त्याने सगळ्यांना चहाची एकेक पुडी वाटली. काळपट, लांब, पिळलेली पानं. मी घरी नेऊन आपल्या पद्धतीने आलं, साखर, दूध घालून मस्त उकळला. आईने एक घोट घेतला आणि विचारलं, "जळला का रे?"

जळला नव्हता, भाजलेला होता! पुडीवर नाव होतं 'दा हाँग पाओ', म्हणजे मोठा लाल झगा. फुजियान प्रांतातल्या वुयीच्या खडकाळ डोंगरातला हा ऊलाँग.

याची पानं आधी सुकवतात, मग बांबूच्या सुपात हलवत राहतात. कडा खरचटून लालसर होतात, मधला भाग हिरवाच राहतो. तिथेच तापलेल्या कढईत टाकून ती क्रिया थांबवायची आणि पानं वळायची. खरी गंमत यानंतर. लाकडी कोळसा फुलवून त्यावर राखेचा थर देतात. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसती धग. वर बांबूच्या टोपलीत चहा तासन्‌तास बसतो. माझी आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची, अगदी तसंच. तापमान बघायला भाजणाऱ्याचा हात आणि नाक! ओलावा निघून जातो, म्हणून चहा टिकतो. ताज्या भाजलेल्या चहाला आगीचा वास फार असतो, तो निवायला काही महिने थांबतात.

'वुयी'चा तिकडच्या बोलीतला उच्चार युरोपात जाऊन 'बोही' झाला. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला, त्यात सगळ्यात जास्त पेट्या बोहीच्या होत्या. आणि लिनियससारख्या माणसाने १७६२ मध्ये काळ्या आणि हिरव्या चहाची चक्क दोन वेगळी झाडं मानली! सोर्स कोड एकच, बिल्ड वेगळं, हे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमध्ये फिरून आल्यावर १८४७ च्या पुस्तकात सांगितलं. पुढे तोच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर, डोकं भादरून, शेंडी लावून, चिनी वेषात वुयीपर्यंत पोचला आणि १८५१ मध्ये रोपं आणि चिनी कारागीर घेऊन भारतात आला. सरळ चोरी, दुसरा शब्द नाही.

पण नुसतं इंग्रजांना नावं ठेवून आपल्याला मोकळं होता येत नाही. चहासाठी चांदी मोजायची कंपनीची इच्छा नव्हती, म्हणून हिंदुस्थानची अफू चीनमध्ये विकली गेली. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची आणि त्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय मोठे झाले. आपलं जे. जे. हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. कित्येक गरीब तिथे बरे झाले असतील, आणि तिकडे चीनमध्ये घरंच्या घरं अफूपायी बसली. माझा जन्म जे. जे. मधलाच, त्यामुळे हा हिशोब मला काही नीट जमत नाही.

असो. पुडी उरली होती, म्हणून दुसऱ्या रविवारी रीतसर केला. छोट्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम पानं, १०० मिली खळखळतं पाणी, १० ते १५ सेकंदांत ओतून घ्यायचं. तीच पानं पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा जास्त वेळ. पहिल्या पाण्याला भाजल्याचाच वास. तिसऱ्याला तो मागे सरकला आणि पिकल्या फळासारखं काहीतरी पुढे आलं, गिळल्यावर घशात गोडवा राहिला.

चौथा कप आईला दिला. तिने तो संपवला आणि म्हणाली, "हा बरा आहे. आता चहा टाक."