वैनगंगेकांठचीं छपरें

गोसीखुर्द हें नांव धरणामुळें सर्वांच्या कानीं आहे. भंडारा जिल्ह्यांत पवनीजवळ वैनगंगेवर बांधलेल्या ह्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसविण्यांत आली, व २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नदीचें पाणी अडविण्याची ही हकीकत पुष्कळांनीं सांगितली आहे. मला बोलावयाचें आहे तें आभाळाच्या पाण्याविषयीं.

येथील हवामानाचें छपराशीं हाडवैर आहे असेंच म्हणावें लागतें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि वर्षाच्या सुमारें ५० इंच पावसापैकीं बहुतेक सारा पुढील चार महिन्यांत कोसळतो. बंगालच्या उपसागरांत उठलेलें कमी दाबाचें क्षेत्र इकडे सरकूं लागलें कीं दिवसचे दिवस झड लागते. त्याचें केंद्र आपल्या दक्षिणेकडून गेलें तर वारा फिरून पूर्वेचा होतो, आणि एरवीं कोरडें राहणारें पाखें गळूं लागतें. घरधनी बुचकळ्यांत पडतो. छपराचा मात्र त्यांत कांहीं दोष नसतो.

ह्या वैऱ्याशीं जुन्या लोकांनीं तह केला होता. कुंभारानें चाकावर नळी ओढावी, ओली असतांनाच ती उभी चिरावी व भाजून तिचे दोन कवेलू करावे. बांबूच्या कामट्यांवर एक रांग उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. खिळा नाहीं, चुना नाहीं! त्यामुळें उन्हानें फुगावयास प्रत्येकास जागा असे. तडा जाण्याचा प्रश्नच नव्हता. गारांनीं कवेलू फुटत, वानरें ते सरकवीत, सांध्यांत पाचोळा साचे. म्हणून मृग लागण्यापूर्वीं दरवर्षीं छपर फेरावयाचें, म्हणजे सारे कवेलू उतरून, झाडून, फुटके बदलून पुन्हा रचावयाचे, असा परिपाठ असे. छपर बिघडणारच हें गृहीत धरूनच तें रचलेलें होतें. ज्या जिल्ह्यानें तळीं बांधून पावसाचें पाणी राखण्याची विद्या कमावली, त्यास तें घराबाहेर कसें ठेवावें हेंही ठाऊक होतें.

पुढें खांचेचीं मंगळुरी कौलें आलीं. बाझेल मिशननें मंगळूर येथें त्यांचा कारखाना १८६५ सालीं काढला होता. मागून नळीदार पत्रा आला, शेवटीं सिमेंटची स्लॅब. यांचें ब्रीद एकच: एकदां घातलें कीं पुन्हा पाहावयास नको. परंतु तीस फूट लांबीची स्लॅब ३० अंशांच्या फरकानें सुमारें ३ मिलिमीटर वाढते व आक्रसते. तापलेल्या स्लॅबवर वळवाची सर पडली म्हणजे ती एकाएकीं निवते. भिंतीशीं असलेला सांधा उकलतो, आणि ती भेग पहिली झड लागेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांतील माणसें नव्या गांवठाणांत आलीं, तेव्हां हा बदल त्यांच्यावर एकदमच कोसळला. पिढ्यांनीं हळूहळू सोडावयाचें घर त्यांना एका स्थलांतरांत सोडावें लागलें. जुन्या गांवीं बांबू कोठें मिळेल, छपर कोण फेरील, हें ठरलेलें असे. नव्या ठिकाणीं ही शेजारधर्माची घडी विस्कटली, आणि कवेलूंच्या जागीं पत्रा आला. पत्र्यास खिळा मारतात तो नळीच्या उंचवट्यावर मारावा लागतो; खोलगट भागांत मारला तर वाहतें पाणी त्याच छिद्रांतून घरांत उतरतें. बरोबर मारला तरी खालची रबराची चकती चार-सहा उन्हाळ्यांत कडक होऊन फुटते. रात्रीं निवतांना पत्रा कडकड वाजतो, तो आपले खिळे सैल करीत असतो.