ठेका चुकवणारं घड्याळ

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडली, की बऱ्याचदा एक विचित्र प्रकार व्हायचा. ड्रम मशीन वाजतंय, सिक्वेन्सरही वाजतोय, पण एकाची लय दुसऱ्याच्या बरोबर निम्मी. बिघडलेलं कुणीच नसे. रोलँडची यंत्रं एका बीटला २४ स्पंद पाठवत आणि कॉर्गच्या यंत्रांना ४८ लागत. रोलँडकडून २४ स्पंद आले, की कॉर्गच्या हिशेबानं अर्धाच बीट झालेला असे. जोडणी उलटी केली, की रोलँड दुप्पट वेगानं पळत सुटायचं.

सिक्वेन्सरमध्ये पुढच्या चाळीस वर्षांत जे बिघाड निघाले, त्यांतले पुष्कळ याच जातीचे होते. काय वाजवायचं ते यंत्राला पक्कं ठाऊक असतं; कधी वाजवायचं, तिथे घोळ होतो. त्यामुळे दुरुस्तीला बसणाऱ्याला आधी शोधावं लागतं, ते घड्याळ कुणाच्या हातात आहे हे.

सिक्वेन्सर आवाज साठवत नाही, सूचना साठवतो: हा सूर, इतक्या जोरानं, या क्षणी सुरू, त्या क्षणी बंद. रोलँडच्या १९७७ सालच्या एमसी-८ या यंत्रात या सूचना आकड्यांच्या बटणांवरून एकेक करून भराव्या लागत. काम किचकट होतं, पण स्मृती आणि घड्याळ एकाच पेटीत होती. पेट्या वाढल्या, तशी घड्याळं जुळवण्याची वेळ आली. त्यासाठी रोलँडनं १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनला पाच पिनांचं सिंक सॉकेट दिलं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून जो अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्यात हेच ८०८, टीबी-३०३ हा सिक्वेन्सर असलेला बेस सिंथेसायझर आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर होता. तिन्ही यंत्रं रोलँडचीच असल्यानं २४ आणि ४८ चा तंटा तिथे नव्हता.

हा तंटा मिटवायला मिडी हे वाद्यांच्या आपसातल्या संदेशांचं सामाईक मानक आलं. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका केबलनं जोडली गेली आणि एकमेकांशी बोलली. मिडीच्या घड्याळासाठी आकडा ठरला तो रोलँडचा, बीटला २४ स्पंद.

पण सॉकेटही तेच निवडलं गेलं, पाच पिनांचं. १९८३ च्या टीआर-९०९ वर तर मिडी आणि जुना सिंक ही दोन्ही सॉकेटं होती. सिंक पिन क्रमांक १ आणि ३ वापरे, मिडी ४ आणि ५. अनेक मिडी केबलींत १ आणि ३ या पिनांना तारच जोडलेली नसे. प्लग मस्त बसायचा आणि वाजायचं काहीच नाही.

मिडीची खरी मेख मात्र त्याच्या वेगात होती. सेकंदाला ३१,२५० बिट हा त्याचा वेग. एक सूर सुरू करण्याचा संदेश तीन बाइटांचा, प्रत्येक बाइटला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून दहा बिट, म्हणजे एका सुराला जवळपास एक मिलिसेकंद. मिडीची तार हा एकपदरी पूल आहे. दहा सुरांचा कॉर्ड एकदम दाबला तरी संदेश एकामागून एकच जाणार आणि शेवटचा सूर पहिल्यानंतर नऊएक मिलिसेकंदांनी निघणार. एवढं कानाला चालून जातं. पण त्याच क्षणी ड्रम, बेस आणि पिच-बेंडच्या चाकातून भराभर येणारे आकडे त्याच तारेवर आले, की ठेका सैल पडतो. जाणकारांनी यावर साधे उपाय काढले. ड्रमचा ट्रॅक यादीत सर्वांत वर ठेवायचा, म्हणजे काही सिक्वेन्सर त्याचे संदेश आधी पाठवत. पिच-बेंडचे आकडे विरळ करायचे. शक्य असेल तर दुसरी मिडी तार टाकायची.

याच काळातला दुसरा प्रसिद्ध बिघाड म्हणजे अडकलेला सूर. मिडीत सूर सुरू करणं आणि बंद करणं हे दोन स्वतंत्र संदेश आहेत. वाजता वाजता केबल निघाली किंवा बंद करण्याचा संदेश वाटेत हरवला, तर सिंथेसायझर सूर धरून बसतो, कारण त्याला कुणी थांब म्हटलेलंच नाही. मिडीच्या नियमांतच यावर तोडगा होता. वाद्याला हवं तर त्यानं दर ३०० मिलिसेकंदांच्या आत ‘मी आहे’ अशी खूण पाठवत राहावं. ती खूण थांबली, की पलीकडच्या वाद्यानं सगळे सूर सोडून द्यावेत. पण ही सोय ऐच्छिक होती. म्हणून सिक्वेन्सरवर ‘पॅनिक’ बटण आलं. ते मिडीच्या सोळाही चॅनलांना ‘सगळे सूर बंद’ असा १२३ क्रमांकाचा संदेश पाठवतं.

तिसरी तक्रार अशी, की प्रत्येक सूर दुहेरी वाजतो, आवाज पोकळ येतो आणि वाद्य निम्म्या सुरांतच दमतं. इथे कळफलक आपला सूर स्वतः वाजवतो आणि सिक्वेन्सरही तोच सूर त्याच्याकडे परत पाठवतो. वाद्यावरचं ‘लोकल कंट्रोल’ बंद केलं, की हा प्रकार थांबतो.

चौथी तक्रार जास्त चकवणारी होती. गाणं पहिल्यापासून लावलं तर सगळं ठीक. मधूनच लावलं तर व्हायोलिनच्या जागी पियानो वाजतो आणि लांबवलेला आधारसूर गायब. कारण वाद्य बदलण्याची सूचना पहिल्या ओळीत असते आणि आधारसुराची सुरुवात मागे राहिलेली असते. नंतरच्या सिक्वेन्सरांनी मागे डोकावून अशा सूचना गोळा करून मगच पुढे वाजवायची सोय केली.

१९८५ च्या अटारी एसटी या संगणकावर मिडीची सॉकेटं कारखान्यातूनच लावून आली. हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचा क्यूबेस १९८९ मध्ये याच संगणकावर अवतरला. अटारीचा ठेका पक्का, अशी संगीतकारांत ख्याती झाली. त्या संगणकावर एका वेळी सहसा एकच प्रोग्राम चाले आणि मिडीचं सॉकेट थेट त्याच्या हाताशी असे.

बहुकामी संगणक आले आणि हे सुख गेलं. याचं उत्तम उदाहरण लिनक्सवरच्या रोझगार्डन या सिक्वेन्सरचं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प पुढे नव्यानं लिहिला गेला. साध्या पीसीवर लिनक्सच्या २.४ मालिकेचं कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, सेकंदाला १०० टिकटिक करायचं, म्हणजे दोन टिकटिकींत १० मिलिसेकंद. सूर ठरलेल्या क्षणी नव्हे, पुढच्या टिकटिकीला सुटणार. १२० च्या लयीत सोळाव्या भागाचा सूर १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्यात कधी दोन, कधी नऊ मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर हाय-हॅट लंगडू लागतो. नुसता एकसारखा उशीर असता तर कानानं सांभाळून घेतला असता. २.६ मालिकेनं टिकटिक १,००० वर नेली. पण २००५ मध्ये, २.६.१३ पासून, नेहमीची निवड २५० वर आली. रोझगार्डन सुरू होताना संगणकाच्या टायमरची टिकटिक पुरेशी बारीक नाही असा इशारा देई, तो यामुळे.

उपाय म्हणून घड्याळ निवडायची सोय दिली गेली: कर्नलचं, मदरबोर्डवरचं किंवा साउंड कार्डाचं. त्यातून नवाच चमत्कार घडे. साउंड कार्डाचं घड्याळ निवडलं, प्ले दाबलं आणि पडद्यावरची रेघ जागची हलेना. साउंड कार्डाचा टायमर त्यातून आवाज वाहत असेल तेव्हाच चालतो. आवाज नाही तर वेळही नाही. २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीत बारीक मापाचे टायमर आले आणि या निवडीचं महत्त्व ओसरलं.

तोवर वाद्यंच संगणकात शिरली होती. स्टाइनबर्गनं १९९६ मध्ये व्हीएसटी हे प्रोग्रामरूपी वाद्यांचं आणि इफेक्टांचं मानक आणि १९९७ मध्ये साउंड कार्डापर्यंत आवाज लवकर पोचवणारं एएसआयओ आणलं. आता आवाज बफरमध्ये साठून बाहेर पडू लागला. ४४,१०० च्या सॅम्पल दरानं १,०२४ सॅम्पलांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर. १२८ चा केला तर जेमतेम तीन. पण बफर फार लहान केला, की प्रोसेसरला तो वेळेत भरता येत नाही आणि कडकड आवाज येतो. ध्वनिमुद्रण करताना बफर लहान आणि मिश्रण करताना मोठा, हा स्टुडिओंतला रिवाज इथून पडला.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० ला मान्यता मिळाली. त्यात संदेशाला वेळेचा शिक्का जोडता येतो. वाटेत थोडं मागेपुढे झालं, तरी घेणारं वाद्य शिक्का पाहून सूर योग्य क्षणी वाजवू शकतं. पाच पिनांच्या तारेवरचं जुनं वाद्य जोडलं, की मात्र संदेश मिडी १.० मध्ये उतरवावा लागतो. त्या उतरवणीत शिक्का गळतो आणि दहा सुरांचा कॉर्ड पुन्हा ३१,२५० बिटांच्या तारेवरून एकामागून एक निघतो.