सरकती पट्टी, सिडनीचा निकाल आणि आपण

एखादी जुनी सरकारी वेबसाइट उघडून बघा. वरच्या बाजूला एक पट्टी हमखास सापडते. उजवीकडून डावीकडे सरकत जाणारी. आपल्याला हवी ती ओळ वाचून होईपर्यंत ती निघून जाते, मग पुढच्या फेरीची वाट बघायची. तिच्या शेजारी 'नवीन' असं लुकलुकणारं चिन्ह, आणि ती नवीन सूचना असते दोन वर्षांपूर्वीची.

गंमत म्हणजे ही चूक आहे, हे जगाला मे १९९६ मध्येच सांगून झालं होतं. याकोब निल्सन नावाचा डॅनिश अभियंता तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होता. त्याने वेबसाइट बनवताना होणाऱ्या दहा मोठ्या चुकांची यादी केली. त्यात सरकता मजकूर होता, सतत हलणारी चित्रं होती, शिळी माहिती होती आणि पान उघडायला लागणारा वेळही होता. तीस वर्षं होत आली त्याला. म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं, असं नाही.

पण आज सरकारी वेबसाइटची टिंगल करायची नाहीये. ती सगळेच करतात. मला सांगायचंय ते वेगळं. 'चांगली वेबसाइट कशाला म्हणायचं' यावर जो वाद इतकी वर्षं चालला, त्यातले बरेच नियम आले आणि गेले. थोडे मात्र टिकले. ते का टिकले हे समजून घेतलं, तर आज आपण सरकारकडे आणि बँकांकडे नेमकं काय मागायचं तेही समजतं.

तर थोडं मागे जाऊ.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं, तेव्हा कल्पना अगदी साधी होती. लिहिणाऱ्याने फक्त सांगायचं की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही लिंक आहे. ते दिसणार कसं, हे वाचणाऱ्याच्या मशीनने ठरवायचं. कारण सर्नमध्येच नाना तऱ्हेचे संगणक होते. कोणाकडे रंगीत पडदा, कोणाकडे नुसती अक्षरं दाखवणारा. मजकूर सगळ्यांपर्यंत पोचला पाहिजे, एवढीच अट होती.

फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन या अमेरिकेतल्या तरुण प्रोग्रामरने प्रस्ताव मांडला की पानात चित्र टाकण्यासाठी एक खूण असावी. त्यावर वाद झाला. हे जास्त विचार करून, जास्त व्यापक पद्धतीने करावं, असं काहींचं म्हणणं होतं. अँड्रीसन थांबला नाही. त्याच्या मोझेइक ब्राउझरमध्ये चित्रं आली आणि वेब घराघरांत पोचलं. चित्रामुळेच पोचलं, हे मान्य करायला हवं. पण त्याच क्षणी एक प्रश्नही तयार झाला. ज्याला चित्र दिसत नाही, त्याचं काय? त्यावर उपाय म्हणून चित्राच्या मागे दोन शब्द लिहून ठेवायची सोय झाली. पर्यायी मजकूर. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये तो लिहिणं बंधनकारक झालं. बंधनकारक म्हणजे कागदावर. न लिहिल्याने कोणाचंच काही बिघडत नव्हतं. म्हणजे ज्याला दिसत होतं, त्याचं काही बिघडत नव्हतं.

नव्वदीच्या मध्यात मग दोन तट पडले.

एका बाजूला डेव्हिड सीगल यांच्यासारखे सजावटकार. १९९६ मधल्या त्यांच्या पुस्तकाने पिढीभर डिझायनरांना शिकवलं की वेबपान छापील मासिकासारखं मांडता येतं. त्यासाठी युक्त्या होत्या. आकडेवारीसाठी असलेला तक्ता पानाचा सांगाडा म्हणून वापरायचा. एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून मोकळी जागा तयार करायची. पान सुंदर दिसायचं, यात शंकाच नाही. पण ते ऐकून वाचणाऱ्याची काय गत व्हायची? दोन स्तंभांचं वर्तमानपत्र कोणी तुम्हाला सरळ आडवं वाचून दाखवलं तर जे होईल, तेच. मध्ये मध्ये त्या अदृश्य चित्रांच्या फाइलींची नावं. पुढच्याच वर्षी खुद्द सीगल यांनी लेख लिहून कबूल केलं की वेब बिघडलंय आणि त्यात आपला हात आहे.

दुसऱ्या बाजूला निल्सन. सौंदर्य वगैरे राहू दे, माणसाचं काम होतंय का ते बघा, हा त्यांचा धोशा. लोकांना समोर बसवायचं, एखादं काम द्यायचं आणि कुठे अडखळतात ते पाहायचं. हे बरोबरच होतं. पण त्यांचे सगळे नियम टिकले का? नाही. त्याच १९९६ च्या यादीत 'लांबलचक पानं' हीसुद्धा चूक होती. लोक खाली सरकवत नाहीत, असं तेव्हा दिसत होतं. पुढच्याच वर्षी निल्सन यांनी तो नियम सैल केला, कारण लोक शिकले. आज तर आपण दिवसभर अंगठ्याने दुसरं काय करतो? ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी फ्लॅश या तंत्रावर सडकून टीका केली, आणि २००२ मध्ये फ्लॅश बनवणाऱ्या मॅक्रोमीडिया कंपनीबरोबरच काम सुरू केलं. फ्लॅश शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडलं.

या दोन तटांच्या मध्ये तिसरा गट उभा राहिला. त्यांचं म्हणणं असं की भांडण मुळात चुकीचं आहे. मजकूर एका जागी ठेवा, रूप दुसऱ्या जागी. नॉर्वेच्या होकुन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली होती ती याचसाठी. डिसेंबर १९९६ मध्ये ती मानक झाली. पण ब्राउझर कंपन्या आपापल्या तऱ्हेने वागत होत्या, म्हणून १९९८ मध्ये जेफ्री झेल्डमन आणि सहकाऱ्यांनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' काढून त्यांच्यावर दबाव आणला. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' उघडलं. मजकूर एकच, त्याचं एचटीएमएल एकच, आणि वेगवेगळ्या डिझायनरांनी त्याला दिलेली पूर्णपणे वेगळी रूपं. 'नियम पाळले की साइट कुरूप होते' या तक्रारीला याहून चांगलं उत्तर नव्हतं.

इथपर्यंतचा वाद हा व्यवसायातल्या लोकांचा आपापसातला वाद होता. तो बाहेर आला सिडनीत.

ब्रूस मॅग्वायर. जन्मापासून अंध. संगणक वापरायचे ते ब्रेल पट्टीवर. पडद्यावरचा मजकूर त्या पट्टीवर ठिपक्यांच्या रूपाने उमटतो आणि बोटांनी वाचता येतो. जून १९९९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली की २००० च्या ऑलिंपिकची वेबसाइट आपल्याला वाचता येत नाही. आधार होता तिथल्या १९९२ च्या अपंगत्व भेदभाव कायद्याचा. मागण्या बघा किती साध्या होत्या. चित्रांना आणि चित्रातल्या लिंकना पर्यायी मजकूर द्या. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीपर्यंत जाता आलं पाहिजे. आणि स्पर्धा चालू असताना निकालांचे तक्ते वाचता आले पाहिजेत. बस.

आयोजन समितीचं उत्तर आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात शोभेल असं होतं. फार मोठं काम आहे. निकालांच्या तक्त्यांचे १,२९५ साचे आहेत. एका माणसाने रोज आठ तास केलं तर ३६८ दिवस लागतील. खर्च लाखो डॉलरमध्ये जाईल. हा आमच्यावर अवास्तव बोजा आहे.

मॅग्वायर यांच्या बाजूच्या तज्ज्ञांनी हा हिशेब खोडून काढला. एक जाणकार माणूस आणि हाताखाली पाच ते पंधरा जण असतील तर चार आठवड्यांचं काम आहे, असं त्यांनी सांगितलं. मोजपट्टीही हाताशी होती. मे १९९९ मध्येच वेबची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने सुगमतेचे नियम प्रसिद्ध केले होते. चौदा मार्गदर्शक तत्त्वं, आणि त्यातलं पहिलंच असं की जे डोळ्यांनी किंवा कानांनीच कळतं, त्याला शब्दांचा पर्याय द्या.

२४ ऑगस्ट २००० ला निकाल लागला. आयोगाने भेदभाव झाल्याचं मान्य केलं, बोजाचा बचाव फेटाळला आणि १५ सप्टेंबरपर्यंत सुधारणा करायला सांगितलं. १५ सप्टेंबर म्हणजे उद्‌घाटनाचा दिवस. समितीने आदेश पुरता पाळला नाही. नोव्हेंबरमध्ये, खेळ संपून गेल्यावर, तिला मॅग्वायर यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

या खटल्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साइट दिसायला छान आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. रंग कुठला, पान लांब की आखूड, यावर कोणी वाद घातला नाही. प्रश्न एवढाच होता की जी माहिती सगळ्या शहराला मिळते, ती या एका माणसाला मिळते का. सवयींवर आधारलेले नियम सवयी बदलल्या की गेले. 'कोणी बाहेर राहिलं का' हे विचारणारे नियम टिकले. आणि ते तपासता येतात. पर्यायी मजकूर आहे किंवा नाही. माउसशिवाय अर्ज भरता येतो किंवा येत नाही. इथे आवडीनिवडीला जागा नाही.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या मराठीने तर हा भोग वेगळ्याच रीतीने भोगलाय. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी पुढची कितीतरी वर्षं मराठी साइट स्वतःचा फॉन्ट वापरायच्या. 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' ही सूचना आठवते ना? आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर फक्त मराठीचा मुखवटा. डोळ्यांना मराठी दिसायचं. शोधायला गेलं तर सापडायचं नाही, आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्राला ती अगम्य बाराखडी वाटायची. आजही एखादं परिपत्रक स्कॅन करून चित्र म्हणून चढवतात, तेव्हा नेमकं तेच होतं. आपल्याला कागद दिसतो. स्क्रीन रीडरला कोरं पान.

नियम नाहीत का? आहेत. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारलीही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि तो खासगी सेवांनाही लागू होतो. अडचण होती ती 'मार्गदर्शक' या शब्दात. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बोट ठेवलं. कायदा म्हणतो सुगमता सक्तीची, आणि त्याखालचा नियम १५ मात्र शिफारशींवर भागवतो. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीचे निकष करायला सांगितलं.

मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई. बँकेत खातं उघडायला गेल्या, तर ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणून सांगण्यात आलं. हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसाला! जिवंत माणूस समोर उभा आहे, आणि यंत्र म्हणतं पापणी हलली नाही म्हणून तुम्ही जिवंत नाही. या आणि अशाच एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वीस निर्देश दिले.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यातले दृष्टीचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर. त्यात मोतीबिंदू झालेले आजोबा नाहीत, हात थरथरणारी आजी नाही, भर उन्हात फुटक्या पडद्यावर पीकविम्याचा अर्ज भरणारा शेतकरी नाही. आता रेशनपासून पेन्शनपर्यंत सगळं ऑनलाइन करायचं म्हणतोय आपण. पूर्वी खिडकीवरचा कारकून निदान 'बसा आजोबा, मी भरून देतो' म्हणायची शक्यता तरी होती. आता ती खिडकीच बंद होतेय.

म्हणून एक विनंती. पाच मिनिटं काढा. रोज वापरता त्या एखाद्या साइटवर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या कळीने अर्ज भरायचा प्रयत्न करा. किंवा फोनवर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि काय ऐकू येतं ते बघा. अडलात तर त्या खात्याला, त्या बँकेला लिहा. 'साइट खराब आहे' असं नको. 'अमुक पानावर अमुक बटणाला नाव नाही, त्यामुळे अंध माणसाला पुढे जाता येत नाही' असं नेमकं लिहा. मॅग्वायर यांची तक्रार तशीच नेमकी होती.

उत्तर बहुधा 'फार मोठं काम आहे' असंच येईल. तेव्हा सिडनीचे ते ३६८ दिवस आणि चार आठवडे आठवा, आणि हिशेब मागा.