‘ग्रेट ईस्टर्न’ कोणीं लोटलें? : टँगी बंधूंच्या एका कथेची छाननी

ओझें उचलण्याचीं साधनें हा विषय इतिहाससंशोधकांच्या टिपणांत क्वचितच येतो. देवालय कोणीं बांधविलें याचा शिलालेख सांपडतो. कळस कोणत्या रहाटानें व किती कप्प्यांनीं वर चढविला याचा उल्लेख सहसा सांपडत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र हीं साधनें स्वतःच देशोदेशीं विकला जाणारा माल बनलीं. आणि ज्या कारखान्यांनीं तीं विकलीं त्यांनीं मालाबरोबर आपल्या कीर्तीच्या कथाहि दूरवर पोंचविल्या. त्यांपैकीं एका कथेची छाननी प्रस्तुत लेखांत करावयाची आहे.

कथा अशी सांगतात : इंग्लंडच्या नैऋत्य टोंकास असलेल्या कॉर्नवॉल प्रांतांतील टँगी आडनांवाच्या क्वेकरपंथी बंधूंनीं बर्मिंगहॅम येथें लहानसा कारखाना घातला. त्यांच्या जलदाबाच्या जॅकांनीं ‘ग्रेट ईस्टर्न’ हें त्या काळचें सर्वांत मोठें जहाज थेम्स नदींत लोटलें, आणि तेथूनच त्यांचा भाग्योदय झाला. कथेचा मुख्य सांगणारा बंधूंपैकींच एक, रिचर्ड टँगी. जहाज पाण्यांत गेलें तेव्हांच आपला धंदाहि तरंगूं लागला, अशा आशयाचें त्याचें म्हणणें आहे. आणि त्याचें आत्मचरित्र घटनेनंतर सुमारें तीस वर्षांनीं प्रसिद्ध झालें. म्हणजे आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही बखर आहे, अस्सल कागद नव्हे. बखर खोटीच असते असें नाहीं. पण ती दुसऱ्या पुराव्याशीं ताडून घ्यावी लागते.

जहाजाची लांबी ६९२ फूट व जलावतरणाच्या वेळचें वजन सुमारें १२,००० टन होतें. लंडनजवळ मिलवॉल येथें तें नदीच्या कांठास समांतर बांधलें होतें. कारण नेहमींच्या रीतीप्रमाणें मागील टोंकाकडून सोडावें एवढी थेम्सची रुंदी नव्हती. सबब इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्यानें तें आडवेंच घसरविण्याचें योजिलें. ता. ३ नोव्हेंबर १८५७ रोजीं पहिला प्रयत्न झाला. जहाज एकाएकीं हललें, साखळीचा ताण रहाटावर आला, रहाटाच्या मुठी उलट दिशेनें गरगर फिरल्या आणि त्या धरून उभे असलेले मजूर उडाले. त्यांपैकीं एकजण पुढें मरण पावला. यानंतर जवळजवळ तीन महिने साखळ्या तुटत होत्या, दाबयंत्रें फुटत होतीं आणि जहाज इंचाइंचानें सरकत होतें. अखेर ता. ३१ जानेवारी १८५८ रोजीं भरतीच्या पाण्यावर तें तरंगलें.

या कामीं टँगींचीं यंत्रें होतीं, हें निर्विवाद आहे. पण तीं एकटीं नव्हतीं. ब्रुनेलनें मिळतील तेथून दाबयंत्रें आणविलीं होतीं. मेनाय सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या १८४९-५० मध्यें ज्यानें उचलल्या, तें प्रचंड दाबयंत्रहि त्यांत होतें आणि त्याचा टँगींशीं कांहींएक संबंध नव्हता. शोधाचें श्रेयहि त्यांस देतां येत नाहीं. जोसेफ ब्रामानें जलदाबयंत्राचें पेटंट १७९५ मध्येंच घेतलें होतें. आणि हातानें इकडून तिकडे नेतां येईल असा जलदाबाचा जॅक न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननें १८५१ मध्यें पेटंट केला होता. तेव्हां ‘टँगींनीं जहाज लोटलें’ हें विधान अर्धसत्य ठरतें.

या जहाजाचा आपल्याकडील संबंधहि नमूद करण्याजोगा आहे. प्रवासी वाहतुकींत तें कधींच फायद्याचें ठरलें नाहीं. पुढें तें समुद्रांत तारा टाकण्याच्या कामीं लागलें. मुंबई ते एडन ही समुद्रांतील तार फेब्रुवारी १८७० मध्यें याच जहाजानें टाकली. उन्हानें पोटांतील तार तापूं नये म्हणून त्यास त्या सफरीसाठीं पांढरा रंग दिला होता.

मग टँगींचें खरें कर्तृत्व कशांत? माझ्या मतें तें जहाजापेक्षां कप्पींत शोधावें. थॉमस ॲल्ड्रिज वेस्टन यानें १८५९ मध्यें जी भेदी कप्पी पेटंट केली, ती बनविण्याचा हक्क टँगींनीं मिळविला. तिची रचना अशी : वर एकाच आंसावर दोन चाकें एकजीव केलेलीं असतात, एक किंचित् मोठें, दुसरें किंचित् लहान. त्यांवरून एकच अखंड साखळी जाते व तिच्या फांसांत खालची, ओझ्याची कप्पी लोंबते. मोठ्या चाकास बारा व लहानास अकरा खांचा आहेत असें मानूं. वरचीं चाकें एकदां फिरण्यास हातानें बारा कड्या ओढाव्या लागतात. तेवढ्यांत फांस एका कडीनें आखूड होतो आणि ओझें अवघें अर्धी कडी वर चढतें. घर्षण सोडून दिल्यास बळ चोवीस पट झालें. पण घर्षण सोडून देतां येत नाहीं, आणि यंत्राचें मर्म नेमकें तेथेंच आहे. निम्म्याहून अधिक श्रम घर्षणांत खर्ची पडतात; म्हणूनच हात सोडला तरी ओझें जागचें हालत नाहीं. मिलवॉल येथें ज्या उलट्या फिरणाऱ्या मुठीनें मनुष्य मारला, तिचा धोका या कप्पींत उरला नाहीं.

परदेशच्या गिऱ्हाइकास हा गुण किती मोलाचा वाटला असेल, हें सांगावयास नको. जेथें कसबी माणसें नाहींत तेथेंहि एक मनुष्य ही कप्पी तुळईस अडकवून काम करूं शकतो. तत्त्व मात्र जुनेंच. दोन निरनिराळ्या जाडीच्या भागांवर एकच दोर गुंडाळणारा रहाट युरोपांत ‘चिनी रहाट’ या नांवानेंच ओळखला जात असे. त्यामुळें पेटंटावर वाद माजणें अपरिहार्य होतें. टँगींनीं स्टॉट नामक प्रतिपक्षावर केलेला खटला १८६६ मध्यें न्यायालयांत होता. अमेरिकेंत हीच कप्पी पुढें येल अँड टाउन या कंपनीनें बनवून विकली. चीनच्या नांवानें ओळखलें जाणारें तत्त्व, बर्मिंगहॅमचें लोखंड व अमेरिकेची बाजारपेठ असा हा प्रवास आहे. त्यांत मूळ संशोधक कोण, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. कोणीं विकलें, कोणास व काय भावानें, हे प्रश्न अधिक फलदायी आहेत. म्हणून अशा कारखान्यांचीं जुनीं मूल्यपत्रकें कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यानें तीं रद्दींत घालूं नयेत.

रिचर्ड टँगी स्वतः मोठा संग्राहक होता, ही गोष्ट या पत्राच्या वाचकांस विशेष वाटेल. ऑलिव्हर क्रॉमवेलचीं हस्तलिखितें व त्याच्या वस्तू यांचा त्यानें मोठा संग्रह केला, आणि तो पुढें लंडनच्या वस्तुसंग्रहालयास मिळाला. दुसऱ्याच्या इतिहासासाठीं अस्सल कागद धुंडाळणाऱ्या या गृहस्थानें आपल्या कारखान्याची हकीकत मात्र स्मरणावर सोंपवावी, यांत थोडी गंमत आहे.

टँगींच्या जॅकाविषयीं असा एक पुरावा मात्र आहे, कीं जो कोणाच्या स्मरणावर अवलंबून नाहीं. ‘क्लिओपाट्राची सुई’ म्हणून ओळखला जाणारा मिसर देशांतील शिलास्तंभ १८७८ मध्यें लंडन येथें थेम्सच्या कांठीं उभारला. त्याची उंची सुमारें ६८ फूट व वजन १८० टनांहून अधिक आहे. जॉन डिक्सन या अभियंत्यानें तो आडवाच ठेवून जलदाबाच्या जॅकांनीं हळूहळू वर नेला. जॅकानें थोडें उचलावें, खालीं लांकडें रचावीं, पुन्हां उचलावें, असा क्रम होता. पुरेशी उंची येतांच ता. १२ सप्टेंबर रोजीं तो मध्यावर फिरवून उभा केला. त्याच्या बैठकींत भावी पिढ्यांसाठीं कांहीं वस्तू बंद करून ठेवल्या आहेत. त्यांत वर्तमानपत्रें, रेल्वेचें वेळापत्रक, केसांचे आंकडे, इंग्लंडचीं चालू नाणीं, हिंदुस्थानचा एक रुपया आणि जलदाबाचा एक जॅकहि आहे.